पुढील कार्यवाहीस्तव

पतसंस्थेच्या काउंटरवर एक शेतकरी सभासद मोबाइल पुढे करून उभा होता. त्यात अकरा एसएमएस होते आणि अकराही एकच होते: आपला कर्ज अर्ज मंजूर झाला आहे. त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. कर्ज एक मंजूर झालंय की अकरा? शाखाधिकाऱ्यांनी पुण्याला आमच्या कंपनीत फोन लावला, तो फिरत फिरत माझ्या टेबलावर आला, आणि फोनवर मी चाचरत बोलत असताना बारावा एसएमएस आला.

२००८ सालची गोष्ट. चूक माझी होती. अर्ज मंजूर झाला की सभासदाला निरोप पाठवायचा आणि मग खातेवहीत नोंद करायची, अशा दोन पायऱ्या मी लावल्या होत्या. त्या दिवशी खातेवहीचा सर्व्हर बंद होता. नोंद होईना, म्हणून वर्कफ्लोचं इंजिन दर पंधरा मिनिटांनी आपल्या शेवटच्या आठवणीपाशी परत जायचं आणि तिथून पुन्हा चालू लागायचं. त्याची शेवटची आठवण निरोप पाठवण्याच्या आधीची होती. निरोप गेला हे लक्षात ठेव, असं मी त्याला सांगितलंच नव्हतं. बिचारं प्रामाणिकपणे प्रत्येक वेळी नव्याने आनंदाची बातमी देत होतं.

संध्याकाळी घरी हे सांगितलं तेव्हा आई आधी खूप हसली. मग म्हणाली, “तुमच्यात जावक नंबर नाही का टाकत?”

माझी आई तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाली. तिच्या जगात कागद बाहेर पडण्याआधी जावक नोंदवहीत चढतो, त्याला क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक कागदावर पडल्याशिवाय शिपाई त्याला हात लावत नाही. तेच पत्र पुन्हा पाठवायला कोणी आलं की वही उघडायची. नंबर पडलाय? मग गेलंय. चल, पुढचं घे. हीच युक्ती आमच्या पुस्तकांत भारदस्त नावाने येते: एखादी पायरी दहा वेळा केली तरी परिणाम एकदाच झाला पाहिजे. मी दुसऱ्या दिवशी प्रत्येक निरोपाला क्रमांक दिला. ते क्रमांक ज्या डेटाबेस टेबलमध्ये ठेवले त्याचं नाव मी ‘जावक’च ठेवलं. टीम लीडरने ते बदलायला लावलं.

*

त्याआधी वर्षभर मी हे वर्कफ्लोचं काम शिकत होते. नोव्हेंबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉट नेट ३.० आणलं, त्यात विंडोज वर्कफ्लो फाउंडेशन नावाचा एक नवा भाग होता. कंपनीने आम्हा चौघांना एका खोलीत बसवून आठवडाभर तो शिकवला. पडद्यावर वर एक हिरवा गोल, खाली एक लाल गोल आणि मधे मोकळी रेघ. डावीकडून चौकोन उचलायचे आणि त्या रेघेवर सोडायचे. ‘अर्ज तपासा.’ ‘शिफारस करा.’ ‘मंजूर?’ मग हो आणि नाही अशा दोन वाटा. दुपारपर्यंत माझं कर्जप्रकरण तयार होतं, आणि ते इतकं देखणं दिसत होतं की मी त्याचा प्रिंट काढून क्युबिकलला लावला. प्रोग्रामिंग इतकं सोपं असेल तर आपले पगार किती दिवस टिकतील, याची चौघांनाही थोडी काळजी वाटली.

काळजीचं कारण नव्हतं. त्या चित्रात मी सगळं काढलं होतं, फक्त वेळ काढायचा राहिला होता.

तोवर मी जे प्रोग्राम लिहिले होते ते जन्मायचे, काम करायचे आणि संपायचे, सगळं डोळ्याचं पातं लवण्याच्या आत. बेरीज विचारली, उत्तर दिलं, विषय संपला. कर्जाचा अर्ज तसा नसतो. कारकून कागद तपासतो, त्यात एक दिवस जातो. शाखाधिकारी लग्नाला गेलेले असतात. कर्ज उपसमिती महिन्यातून दोनदा बसते. जामीनदार सहीला येतो म्हणतो आणि येत नाही. मंजुरीचं प्रत्यक्ष काम सगळं मिळून चाळीस मिनिटांचं असेल, पण अर्जाचं आयुष्य दीड महिन्याचं. त्या दीड महिन्यात प्रोग्राम कुठे राहतो? मेमरीत ठेवला तर सर्व्हर बंद पडला की दोनशे अर्ज हवेत विरतील. म्हणून त्याला निजवायला शिकावं लागतं. तो कुठवर आला होता, त्याच्या हातात काय काय होतं, कशाची वाट पाहत होता, हे सगळं गाठोडं बांधून डेटाबेसमध्ये ठेवायचं आणि मेमरी मोकळी करायची. जामीनदार उगवला की गाठोडं सोडायचं आणि काही घडलंच नाही अशा थाटात पुढचं वाक्य सुरू करायचं. पुढच्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने अशा थांब्याला ‘बुकमार्क’ असं नाव दिलं. मला ते फार आवडलं. खूण घालून पुस्तक मिटून ठेवावं तसं.

मी शिकले ते असं. चौकोनांतलं काम नवशिक्यालाही लिहिता येतं. अवघड असतो तो दोन चौकोनांमधला बाण. कागद खरं तर बाणावरच राहतो. चौकोनात तो फक्त पाहुण्यासारखा येऊन जातो.

ही गोष्ट ज्याने चित्रात नीट पकडली तो माणूस मला बराच उशिरा भेटला, तोही पुस्तकात. कार्ल अॅडम पेट्री हा जर्मन गणिती. त्याचा प्रबंध १९६२ साली बॉनमधून प्रसिद्ध झाला. त्याच्या आकृत्यांत दोन प्रकारची चिन्हं असतात. पट्टी म्हणजे घडणारी गोष्ट आणि गोल म्हणजे जिथे काहीतरी वाट पाहत थांबलंय ती जागा. गोलात ठिपके असतात. एखाद्या पट्टीच्या मागच्या सगळ्या गोलांत ठिपका आला की ती पट्टी घडते, ते ठिपके उचलते आणि पुढच्या गोलांत टाकते. बस, एवढंच. लहान मुलांच्या सागरगोट्यांसारखा खेळ. पण आमच्या चौकोन-बाणांच्या चित्रात थांबण्याला आकारच नव्हता, ते रेघेत लपून बसायचं. पेट्रीने थांबण्याला स्वतःचा आकार दिला. दोन जामीनदारांच्या सह्या कोणत्याही क्रमाने आल्या तरी चालतील, पण दोन्ही आल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे मी किती तरी ‘जर-तर’ घालून लिहिलं होतं. त्याच्या चित्रात ते म्हणजे दोन गोल, एक पट्टी. वर्कफ्लोचा गणिती पाया शोधणारे पुढचे अभ्यासक पुन्हा पुन्हा या ठिपक्यांकडे का वळले, ते मला त्या रात्री कळलं. क्युबिकलवरचा प्रिंट मी काढून टाकला.

*

आईला या कामाचं नाव सांगितलं तेव्हा तिला त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं. कागद इकडून तिकडे जातो, त्याचा हिशेब ठेवायचा. त्यात शिकायचं काय? पण एकदा मी चहा पिता पिता तिला फेरफाराची नोंद कशी होते ते विचारलं आणि मग वही घेऊन बसले.

जमीन विकली, वाटली किंवा मालक वारला की वर्दी तलाठ्याकडे जाते. तो फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये नोंद धरतो. ती धरली म्हणजे झाली असं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५० प्रमाणे चावडीवर नोटीस लागते, संबंधितांना कळवावं लागतं, हरकतीसाठी पंधरा दिवस द्यावे लागतात. हरकत आली तर प्रकरण नमुना सहा-अ मध्ये, विवादग्रस्त नोंदवहीत जातं, तिथून त्याची वाटच वेगळी. हरकत नाही आली, तरच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबारा बदलतो.

“पंधरावा दिवस रविवारी आला तर?” मी विचारलं. माझ्या टायमरमध्ये नेमका हाच घोळ चालू होता.

“तर सोमवारी. त्यात काय विचारायचं?”

“आणि नोंद चुकली तर? पुसता कशी?”

तिने माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी देवघरात चप्पल घालून शिरले असावे. रेकॉर्डात पुसत नाहीत. खाडाखोड तर नाहीच नाही. नवी नोंद धरायची, तिला नवा फेरफार क्रमांक द्यायचा आणि सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस करायचा. जुनं नाव कंसात दिसत राहतं. शंभर वर्षांनी कोणी विचारलं, तर हे नाव कसं आलं आणि कसं गेलं ते दोन्ही सापडलं पाहिजे.

त्या आठवड्यात मी हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांचा १९८७ सालचा निबंध वाचत होते. दीर्घकाळ चालणारा व्यवहार एकाच कुलुपात अडकवून ठेवला तर बाकीच्यांचं काम तुंबतं, म्हणून त्याचे लहान लहान व्यवहार करा आणि प्रत्येकाला त्याचा उतारा जोडून ठेवा, असं त्यांचं म्हणणं. मधेच काही बिनसलं तर झालेल्या पायऱ्या पुसायच्या नाहीत. त्या जगाने पाहिलेल्या असतात. उलट्या क्रमाने एकेकीचा उतारा चालवायचा. त्यांनी या पद्धतीला ‘सागा’ असं नाव दिलं. मी समासात पेन्सिलने ‘कंस’ लिहिलं.

आधीपासून सगळं कचेरीत होतंच, असं म्हणायचा मोह मला या विषयात सारखा होतो. आईच तो होऊ देत नाही. “आमच्याकडे फायली हरवायच्या. तुझ्याकडे हरवतात का?” तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, नाही. “मग झालं तर.”

एक गोष्ट मात्र मी तिला आधीच विचारायला हवी होती. संस्थेने दोन जामीनदारांऐवजी तीन असा नियम केला. मी वर्कफ्लो बदलला, शुक्रवारी रात्री सर्व्हरवर चढवला आणि निर्धास्त झोपले. सोमवारी त्रेचाळीस अर्ज उठेनात. ते जुन्या आकाराच्या गाठोड्यात निजले होते. नव्या कोडला ती गाठोडी सोडवताच येईनात. एकेक अर्ज हाताने जिवंत करायला मला दोन रात्री लागल्या. आई म्हणाली, “शासन निर्णयात ‘यापुढे’ असा शब्द असतो, तो काय शोभेला असतो?” तेव्हापासून मी नियम बदलताना जुना नियम जिवंत ठेवते. ज्याचा अर्ज ज्या नियमात जन्मला, त्याच नियमात तो संपतो. शेवटचा जुना अर्ज निकाली निघाला की मगच जुनं कोड काढायचं. त्या संस्थेत तो दिवस यायला सात महिने लागले. एका जामीनदाराने दुबईहून परत यायला तेवढा वेळ घेतला.

*

संस्थेच्या संचालक मंडळाला सगळ्यात जास्त काय आवडलं, तर प्रलंबित अहवाल. कोणाच्या टेबलावर कोणता अर्ज किती दिवस आहे, ते एका पानावर. तीन दिवसांवर गेला की ओळ लाल. मलाही त्याचा फार अभिमान होता. महिनाभरात सगळ्या ओळी हिरव्या झाल्या आणि मंडळाने आमचं अभिनंदन केलं. अर्ज मात्र पूर्वीइतकेच दिवस घेत होते. शोध घेतला तेव्हा कळलं की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्ज ‘त्रुटी’ म्हणून खाली परत जात होते. परत गेला की घड्याळ शून्यावर. त्रुटीचा शेरा भरणं मी सक्तीचं केलं होतं, त्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी एकच टिंब होतं. माणसाने यंत्राला दिलेलं इतकं नेमकं उत्तर मी नंतर पाहिलं नाही.

घड्याळ शून्यावर जाऊ नये अशी दुरुस्ती करून मी आईला हा किस्सा मोठ्या उत्साहाने सांगितला. तिला टिंबाचं हसू आलं, पण लाल ओळीचं आलं नाही.

“माझी एक फाइल बावीस दिवस होती टेबलावर,” ती म्हणाली. “तुझ्या यंत्रात लाल झाली असती.”

वारसाची नोंद, त्यावर हरकत, तीन भाऊ, एक बहीण. बहिणीने हक्क सोडल्याचा कागद जोडलेला होता. सगळं रीतसर. आईने साहेबांपुढे ठेवायच्या आधी पुढची तारीख टाकली आणि बाईला समक्ष बोलावलं. पहिल्या तारखेला बाई आली नाही, भाऊच आला. दुसरी तारीख टाकली. तेव्हा आली. आईने भावाला बाहेर चहाला पाठवलं आणि तिला विचारलं, हे तुम्हाला कळलंय ना, की नुसती सही केलीय?

“मग? काय म्हणाली?”

“कळलंय म्हणाली. भावाशी वाकडं कशाला, म्हणाली. माहेर राहिलं पाहिजे.” आईने कप उचलून ठेवला. “मग पाठवली फाइल पुढे.”

म्हणजे त्या बावीस दिवसांनी निकाल बदलला नाही. माझ्या अहवालाच्या भाषेत बोलायचं तर ते दिवस निव्वळ वाया गेले. पण मी तेव्हापासून ‘प्रलंबित’च्या शेजारी एक रकाना देते: थांबवण्याचं कारण, लिहिणाऱ्याच्या शब्दांत. बहुतेक ठिकाणी त्यात टिंबच येतं. चालतं मला.

*

विंडोज वर्कफ्लोचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते लांबवण्यासारखं नाही. २०१० साली मायक्रोसॉफ्टने ते मुळापासून नवं लिहिलं. माझे जुने वर्कफ्लो त्यावर चालेनात, आणि स्टेट मशीन हा माझा सगळ्यात आवडता प्रकार तर त्यात सुरुवातीला नव्हताच, तो पुढच्या वर्षी आला. २०१६ मध्ये डॉट नेट कोअर आलं, त्यात वर्कफ्लोला जागाच नव्हती. दहा वर्षांत मी जी बटणं पाठ केली ती गेली. मधल्या काळात वर्कफ्लो चित्रात मांडायचं बीपीएमएनचं चिन्हशास्त्र शिकले, पातळ रेघेचा गोल म्हणजे सुरुवात, जाड रेघेचा म्हणजे शेवट, शंकरपाळ्यासारखी चौकट म्हणजे फाटा. ते अजून टिकून आहे, आणि बँकेच्या माणसांसमोर फळ्यावर काढायला बरंही पडतं.

सध्या ज्या इंजिनावर काम करते ते टेम्पोरल. इथे चित्र नाही, चौकोन नाही. साधं कोड लिहायचं, आणि त्यात ‘तीस दिवस झोप’ अशी एक ओळ बेधडक टाकायची. मधे सर्व्हर दहा वेळा मेला तरी एकतिसाव्या दिवशी पुढची ओळ चालते. हे कसं घडतं ते कळायला मला बराच वेळ लागला. इंजिन गाठोडं बांधतच नाही. ते फक्त लिहून ठेवतं: हे सुरू झालं, हे पाठवलं, हे उत्तर आलं, या क्षणी झोपलं. काम करणारं यंत्र मेलं की दुसरं यंत्र तो सगळा इतिहास हातात घेतं आणि कोड पहिल्या ओळीपासून पुन्हा चालवतं. पण कोड जिथे ‘निरोप पाठव’ म्हणतं तिथे ते निरोप पाठवत नाही. इतिहासात बघतं, पाठवलेला आहे, उत्तर हे आलेलं आहे, आणि तेच उत्तर कोडच्या हाती ठेवतं. असं वाचत वाचत ते जिथे इतिहास संपतो तिथे पोचतं, आणि तिथून खरं काम सुरू होतं. म्हणून त्या कोडमध्ये आपणहून घड्याळ पाहायची किंवा फासे टाकायची मनाई आहे. दुसऱ्यांदा वाचताना उत्तर वेगळं आलं तर इतिहासाशी मेळ बसणार नाही.

हे मी नव्या मुलांना शिकवते तेव्हा ती चक्रावतात. मी त्यांना रोजनामा सांगते. महसुली प्रकरणाच्या फायलीत रोजनामा असतो. अमुक तारखेस अर्जदार हजर, जाबदार गैरहजर, पुढील तारीख अमुक. साहेबांची बदली होते. नवे साहेब येतात, त्यांना प्रकरणातलं काही ठाऊक नसतं. ते रोजनामा पहिल्या पानापासून वाचतात. वाचताना झालेले साक्षीदार पुन्हा बोलावत नाहीत, लागलेल्या नोटिसा पुन्हा लावत नाहीत. शेवटच्या पानाशी आले की जुने साहेब जिथे उभे होते तिथे ते उभे असतात. मग घसा साफ करून म्हणतात, पुढे बोला. मुलांना टेम्पोरल कळतं. तालुक्याची कचेरी बहुतेकांनी पाहिलेली नसते, तो भाग वेगळा.

*

गेल्या पावसाळ्यात आजी गेली. आजोळची दोन एकर जमीन तिच्या नावावर होती. मामाने वारसनोंदीचा अर्ज केला, मामाचं नाव आणि आईचं. आता नोंद संगणकावर धरली जाते आणि नोटीस ‘आपली चावडी’ या शासनाच्या संकेतस्थळावर पुण्यात बसून दिसते. गाव निवडायचं की यादी येते. नोटीस निघाल्यापासून मी रोज ऑफिसला निघण्याआधी ते पान उघडत होते. नोंद तिथेच होती. जेवायच्या सुटीत पुन्हा उघडत होते. नोंद तिथेच.

मामाचा फोन आला होता. “अक्का, नावं लागतील आता. मग त्या हक्कसोडपत्राचं लगेच उरकून टाकू, म्हणजे पुन्हा हेलपाटा नको.” आई म्हणाली, बघू. फोन ठेवला आणि मेथी निवडायला बसली. तिला मी काही विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही. जुड्या तीन होत्या, तिने तिन्ही निवडल्या.

रविवारी सकाळी मी लॅपटॉप उघडून पुन्हा तेच पान आणलं. ती मागून येऊन उभी राहिली, चष्मा वर करून तिने नोटीस वाचली, गावाचं नाव, फेरफार क्रमांक, आजीचं नाव, मग मामाचं, मग स्वतःचं. स्वतःच्या नावावर जरा जास्त थांबली, किंवा मला तसं वाटलं.

“रोज काय उघडतेस ते,” ती म्हणाली. “आज नववाच दिवस आहे.”